मुलतानचं गिऱ्हाईक

जिनिंगमध्ये दिवसभर बसणाऱ्याच्या अंगावर रुई चिकटते. कोणी आणून लावत नाही, ती हवेतच असते. भुवयांवर बसते, कानात बसते, चहाच्या कपात उतरते. घरी गेलो की मंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, मला दारातच उभं करून झटकते आणि म्हणते, "हे बाहेरच ठेवत जा ना!" किस्स्यांचंही तसंच आहे. मी ते गोळा करत नाही, तेच चिकटतात. फक्त ते झटकून निघत नाहीत.

माझं शिक्षण जेमतेम. दहावीच्या गणितानं मला सोडलं आणि मी शाळेला. पुढचं सगळं हिंगणघाटच्या कापूस बाजारानं शिकवलं. आमच्या जिनिंगच्या ऑफिसात रोज तिघांची बैठक बसते. एक मी. दुसरे वडनेरचे बबनराव ढगे. त्यांचा कापूस माझ्याकडे येतो आणि कापसाबरोबर त्यांची जीभही येते. तिसरे थूल सर, कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून रिटायर झालेले. चौथा माणूस या खोलीत कधी आला नाही, पण त्याच्या नावाशिवाय बैठक उठली नाही. अश्फाकभाई, मुलतानचे सूतगिरणीवाले. माझं गिऱ्हाईक.

अश्फाकभाईंना वडनेरच्या शेतात उभं राहून कापसाची वेचणी बघायची होती. मला ती दाखवायची होती. दोन माणसांचं एवढंसं काम! पण त्यात किती देशांच्या सह्या लागतात, ते बघा.

*

एका वर्षी ऐन सीझनमध्ये भाव पडला. बबनराव तावातावानं आत आले. मी पेपर पुढे केला. जगाच्या व्यापाराचे नियम ठरवणाऱ्या संघटनेची जिनिव्हातली बैठक निकाल न लागता संपली होती. श्रीमंत देश आपल्या कापूसवाल्यांना भरघोस मदत देतात, म्हणून त्यांची रुई बाजारात स्वस्त पडते. ती मदत कमी करा म्हणून बाकीचे देश भांडत होते.

बबनराव म्हणाले, "शेत माहं, पऱ्हाटी माही, पाणी देवाचं. मंग भाव जिनिव्हाचा काऊन?"

थूल सरांनी चष्मा पुसला. "तिथं मतदान करून निकाल लावत नाहीत, बबनराव. सगळ्यांनी हो म्हटलं तरच ठराव. एक जरी नाही म्हणाला, तरी गाडी थांबली."

"म्हंजे एक जावई रुसला का अख्खी पंगत हात आखडून बसते, तसं?"

"अगदी तसं."

"मंग लोकं उठून जात काऊन नाई?"

"उठले की संपलं," सर म्हणाले. "बसलेत तोवर बोलणी चालू आहेत. देशादेशांत कधीकधी तेवढंच हाती असतं."

बबनराव खुर्चीत सावरून बसले. "नुसतं बसून राह्याचं काम आहे ना? मले पाठवा!"

*

अश्फाकभाई मला भेटले ते कोलंबोत. कापूस पिकवणाऱ्या आणि घेणाऱ्या देशांची परिषद होती. आमच्या व्यापारी मंडळातून दुसरंच कोणी जाणार होतं, पण त्यांच्या घरी लग्न निघालं आणि माझा नंबर लागला. मोठं गोल टेबल, देशोदेशीचे छोटे झेंडे, कानाला लावायचं दुभाष्याचं यंत्र. आणि प्रत्येकासमोर एका उंच फुलदाणीत कापसाच्या वाळक्या फांद्या, त्यांना फुटलेली पांढरीशुभ्र बोंडं.

आता कापसाच्या माणसापुढे कापूस ठेवायचाच कशाला? चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत धरून ओढायची आणि धागा किती लांब ते बघायचं, ही आमची खोड. मी लग्नात लोडाची रुईसुद्धा ओढून पाहिली आहे. उद्घाटनाचं भाषण चालू होतं. माझा हात आपोआप बोंडाकडे गेला. एक झालं, दुसरं झालं. मग लक्षात आलं, की फुलदाणीच्या पलीकडूनही एक हात येतो आहे! पांढरी दाढी, करड्या रंगाचा कोट, नजर व्यासपीठावर आणि अंगठे रुईत. भाषण संपलं तेव्हा फुलदाणीत नुसत्या काड्या उरल्या होत्या.

आयोजकांपैकी एक बाई धावत आल्या. "अहो, हे डेकोरेशन होतं!" असं काहीतरी इंग्रजीत म्हणाल्या.

दाढीवाले गृहस्थ अदबीनं उभे राहिले. म्हणाले, "माफ़ कीजिए मॅडम, पर माल हलका था।"

तिथून आमची दोस्ती. जेवताना त्यांनी विचारलं, की तुमच्याकडे सौदा कसा होतो? मी सांगितलं, की माझे वडील बैलबाजारात दलाल होते. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती गर्दी असली तरी कोणाला पत्ता लागत नाही. अश्फाकभाईंनी टेबलावरचा नॅपकिन उचलला आणि हातांवर टाकला. एक बोट, दोन बोटं, सगळा पंजा. त्यांच्या पंजाबातल्या गुरांच्या बाजारात हीच रीत, आकडेही तेच! ते एकसारखे करायला कोणत्या देशानं परिषद घेतली होती?

मी म्हटलं, "माझे बाबा सांगायचे, सौदा ठरला की हात सोडायचा. ठरला नाही तोवर सोडायचा नाही."

"हमारे यहाँ भी," ते म्हणाले. आणि विचारलं, "मनोहर भाई, सुना है आपकी मिट्टी काली है?"

"अगदी काजळ."

"काली मिट्टी पर सफ़ेद कपास... एक दफ़ा देखनी है।"

मी म्हटलं, या. तेव्हा मला वाटलं होतं की 'या' म्हटलं की माणूस येतो.

*

मग आमचे चांगले दिवस आले. शेजारच्या आठ देशांची एक संघटना आहे आणि तिच्यात एक करार झाला होता, की एकमेकांच्या मालावरचा कर कमी करत न्यायचा. सरांनी तो वाचून समजावला. मी म्हटलं, सर, तुमचं राज्यशास्त्र पहिल्यांदा गाठी बांधायच्या कामी आलं. आमच्या प्रेसमधून दाबून बांधलेल्या रुईच्या गाठी मुलतानला जाऊ लागल्या.

जायच्या कशा, तर जमिनीवरून रस्ता सरळ होता, पण परवानगी कधी असायची कधी नसायची. म्हणून गाठ मुंबईला जायची, तिथून जहाजात चढायची, कधीकधी दुबईच्या बंदरात उतरायची, दुसऱ्या जहाजात बसून कराचीला लागायची आणि मग ट्रकनं मुलतान. बबनरावांना हे कळलं तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर तो सगळा रस्ता बोटानं काढला.

"शेठ, माही बायको आजवर नागपूरच्या पल्याड गेली नाई. अन् माह्या वावरातला कापूस दुबई पाहून राह्यला!"

*

झाडापाल्याचे रोग एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नयेत म्हणूनही एक करार आहे. त्यापायी गाठींना औषधाची धुरी द्यायची, तपासणी करून दाखला घ्यायचा, मगच माल हद्द ओलांडणार. एकदा तपासणीला उशीर झाला आणि जहाज निघून गेलं. मी अश्फाकभाईंना फोन करून म्हटलं, माफ करा, किडीच्या दाखल्यासाठी माल अडकला.

ते हसले. त्यांच्याकडे त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं पीक खाऊन टाकलं होतं. आमच्याकडेही तेच. फोन स्पीकरवर होता, बबनराव ऐकत होते.

अश्फाकभाई म्हणाले, "आदमी का काग़ज़ देखते हैं, गाँठ का काग़ज़ देखते हैं। इस सुंडी का काग़ज़ कोई नहीं देखता!"

बबनरावांनी मला विचारलं, "त्याईच्याकडे बी बोंड फोडलं का आतून काळंच निंगते?"

मी विचारलं. तिकडून उत्तर आलं, "बिल्कुल काला।"

बबनराव फोनच्या जवळ सरकले आणि पहिल्यांदाच थेट बोलले, "भाऊ, फेरोमोनचे सापळे लावा लवकर. मी बी लावून राह्यलो."

फोन ठेवताना म्हणाले, "हा तर शेजारीच आहे, बावा. उगीच दूर राह्यते."

*

आमचं एकच भांडण झालं. एका लॉटमधली रुई ओली निघाली, असं अश्फाकभाई म्हणाले. मी म्हटलं, माझ्याकडून वाळकी निघाली, तुमच्या समुद्रानं ओली केली. ते ऐकेनात, मी ऐकेना. आवाज चढले. शेवटी मी थूल सरांना बोलावलं आणि सौद्याचा कागद पुढे टाकला.

सरांनी बारीक अक्षरातली कलमं वाचली. म्हणाले, "वाद झाला तर निवाडा इंग्लंडात. तिथल्या कापूस संघटनेच्या नियमांनी. दोघांनी तिथं हजर व्हायचं."

"इंग्लंडात? आम्ही दोघं शेजारी!"

"शेजाऱ्यांनी एकमेकांच्या कोर्टावर विश्वास ठेवायचा नाही, म्हणून तर तिसरीकडे ठेवलंय."

मी ते फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

मग अश्फाकभाई म्हणाले, "मनोहर भाई... इंग्लैंड का वीज़ा तो दोनों को मिल जाएगा ना?"

"मिळेल की."

"तो फिर लड़ते हैं! इसी बहाने मुलाक़ात हो जाएगी!"

आम्ही इतके हसलो, की हसता हसता वाद मिटला. थोडं त्यांनी सोडलं, थोडं मी सोडलं. भांडण मिटल्याचं इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलेलं नाही. जरा ताणायला हवं होतं!

*

मग एका वर्षी खरंच त्यांना व्हिसा मिळाला. मंदानं घराला रंग दिला. बबनरावांनी बांधावरचं गवत कापलं, जणू काही मंत्री येणार. आणि मुंबईहून अश्फाकभाईंचा फोन आला, आवाज पडलेला. त्यांच्या व्हिसावर शहरांची नावं असतात, तेवढ्याच शहरांत पाय ठेवायचा. त्यांनी हिंगणघाटही मागितलं होतं. मिळालं फक्त मुंबई.

बबनराव भडकले. "देशाचा नाई, गल्लीचा व्हिसा देते का हे?"

थूल सर म्हणाले, "त्या आठ देशांच्या संघटनेची व्हिसाची एक योजना आहे, तिच्यात काही व्यापाऱ्यांना सवलत मिळते. पण यादीत नाव लागायला आणखी..."

बबनराव थांबलेच नाहीत. बाहेर गेले ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मी मुंबईची गाडी पकडायला गेलो तेव्हा, थेट रेल्वे स्टेशनवर भेटले. खांद्यावर आडवी धरलेली एक अख्खी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड! मुळासकट उपटलेली, बोंडं फुटलेली, मुळाच्या मातीला ओलं पोतं गुंडाळलेलं. डब्यात ती वरच्या बर्थवर झोपली आणि बबनराव रात्रभर खाली बसले. कोणी विचारलं की म्हणायचे, "पेशंट आहे."

मुंबईच्या हॉटेलात दरवानानं अडवलं. अश्फाकभाई लिफ्टमधून बाहेर येत होते. त्यांनी आम्हाला पाहिलं, मग पऱ्हाटी पाहिली, आणि तिथंच थांबले.

बबनराव म्हणाले, "शेताले व्हिसा नाई भेटला. म्हून थोडंसं घेऊन आलो."

अश्फाकभाई त्या चकचकीत फरशीवर उकिडवे बसले. पोतं सोडलं. मुळाची काळी माती बोटांनी चुरली, नाकाशी नेली, पुन्हा चुरली. मग म्हणाले, की हे झाड, ही माती, यातलं काही मी घरी नेऊ शकत नाही. करार आहे. मी म्हटलं, माहीत आहे.

जेवायला बसलो. पानं वाढली. बबनरावांनी आठवण दिली, "भाऊ, हात धुवून घ्या."

अश्फाकभाईंनी आपल्या काळ्या बोटांकडे पाहिलं आणि वेटरला म्हणाले, "बेटा, एक चम्मच देना।"

*

पुढे व्यापार बंद झाला. का झाला ते सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यात माझ्यासारख्यानं बोलण्यासारखं काही नाही. मुलतानचा शिक्का मारलेल्या गाठी अंगणात तशाच उभ्या होत्या. त्या मी तामिळनाडूच्या गिरणीला दिल्या. माल विकला जातो हो, माल कुठंही विकला जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला फोन वाजला. अश्फाकभाई.

"मनोहर भाई, आज का भाव?"

मी म्हटलं, "अहो, आता भाव कशाला? माल तर येणार नाही!"

"ख़रीद नहीं सकते," ते म्हणाले, "पूछ तो सकते हैं।"

तेव्हापासून रोज भाव विचारतात. मीही खरा भाव सांगतो, एक पैसा कमीजास्त नाही. थूल सर म्हणतात, दोन देशांचे राजदूत परत बोलावले तरी दोन-चार माणसं दूतावासात ठेवतात, ती ही अशीच.

त्या दिवाळीत मंदानं उटण्यासाठी मुलतानी माती आणली. मी पाकीट हातात घेऊन उभा. म्हटलं, सगळं बंद आहे आणि ही कशी आली? मागे वाचलं तर माल राजस्थानचा! मी हिरमुसलो. पाकीट परत करून ये म्हटलं.

मंदानं ते माझ्या हातातून काढून घेतलं. "राहू द्या. नावानं तरी येऊन राह्यलं ना!"

*

गेल्या हिवाळ्यात दुबईला कापसाची परिषद झाली. अश्फाकभाई येणार होते. फोनवर म्हणाले होते, की तब्येत बरी नाही, गिरणी आता भाच्याकडे दिली, परिषदेला हे शेवटचंच येणं.

निघताना बबनराव घरी आले. आपला दुपट्टा धुऊन, घडी करून आणला होता, तोच, रोज खांद्यावर असतो तो. "नॅपकिनखाली सौदा करता का, बावा? हे न्या. आपल्याच कापसाचा आहे."

परिषदेत आम्हाला टेबलाच्या दोन टोकांना बसवलं होतं. झेंड्यांच्या हिशेबानं तसंच बसवतात. मध्ये कितीतरी देश. फुलदाण्या होत्या, पण या वेळी कापडी फुलांच्या. कोणीतरी कोलंबोचा किस्सा ऐकला असावा! दिवसभर भाषणं झाली आणि शेवटी ठराव झाला, की सर्व सदस्य देशांनी आपसातला कापसाचा व्यापार वाढवावा. एकमतानं! अश्फाकभाईंनी त्या टोकाकडून माझ्याकडे पाहिलं आणि माझ्यासारख्याच टाळ्या वाजवल्या.

सभा उठली. ते काठी टेकत आले, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. धापा टाकत होते. विमान त्यांचं आधी होतं, माझं नंतर.

"वडनेर रह गया," म्हणाले.

मी पिशवीतून दुपट्टा काढला. त्यांनी तो अंगठ्यांत धरून ताणला, उजेडाकडे धरला.

"वडनेर?"

"वडनेर."

त्यांनी तो आमच्या हातांवर टाकला. आत माझी बोटं धरली आणि दाबली. भाव आला. चांगला होता, बाजारापेक्षा चढाच. मी मान हलवली, नाही. माझा भाव सांगितला, त्याच्याही वर. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि बोटं दाबली. आधीपेक्षा खाली! घेणारा वर यायच्या ऐवजी खाली निघाला होता. मीही देणारा, खाली यायच्या ऐवजी आणखी वर गेलो.

हॉल रिकामा होऊ लागला. पोरं टेबलावरचे झेंडे गोळा करून एका खोक्यात टाकत होती, आमचा, त्यांचा, सगळे एकाच खोक्यात. इजिप्तचा एक ओळखीचा व्यापारी जाता जाता थांबला. दुपट्ट्याकडे बघून त्यानं हसत इंग्रजीत विचारलं, सौदा झाला का?

"अभी कहाँ!" अश्फाकभाई म्हणाले. "ये आदमी बड़ा सख़्त है।"

दाराशी त्यांचा भाचा घड्याळ दाखवत उभा होता. त्यांनी तिकडे पाहिलं नाही, हातही सोडला नाही. मी पुन्हा चढवला. त्यांनी पुन्हा उतरवला.